ट्रेसबॅक नाही, नुसतं १३९: एका क्रॅशच्या प्रकल्प नोंदी

काम काय आहे ते आधी. मोजमापांच्या फायली वाचून गोषवारा काढणारी पायथनमधली एक सेवा. फायली एका खास दाबलेल्या स्वरूपात येतात. त्या उलगडणारी लायब्ररी सी भाषेतली, जुनी, आणि पायथन तिला सीटाइप्समधून (सीची फंक्शनं पायथनमधून चालवणारं मॉड्यूल) हाक मारतं. लहान फायली मुख्य थ्रेडवरच वाचल्या जातात, मोठ्या फायली कामगार थ्रेडकडे (त्याच प्रोग्रॅममध्ये समांतर चालणाऱ्या धाग्याकडे) जातात. सेवा जुन्या सर्व्हरवरून कंटेनरमध्ये (बाकीच्यांपासून वेगळी ठेवणाऱ्या डब्यात) हलवली आणि अधूनमधून मरायला लागली. अशाच कुणाच्या वाट्याला असं आलं तर वेळ कुठे जातो ते कळावं म्हणून या नोंदी.

४ मार्च

लॉग मधेच तुटलेला. शेवटची ओळ "फाइल उघडली", त्यापुढे काही नाही. ट्रेसबॅक (चूक कोणत्या ओळीवर झाली ते सांगणारी यादी) नाही, कसलाही निरोप नाही. कंटेनर आपोआप पुन्हा उभा राहिलेला. बाहेर पडतानाचा क्रमांक १३९.

हा क्रमांक सगळ्यात आधी वाचायचा, कारण तो फुकट मिळतो. १२८ वजा केले की सिग्नल उरतो, म्हणजे प्रोसेस कशाने मेली त्या इशाऱ्याचा क्रमांक. १३९ म्हणजे ११, सेगफॉल्ट: हक्क नसलेल्या मेमरीला हात लावला. १३४ असता तर ६, म्हणजे प्रोग्रॅमने किंवा त्याच्या एखाद्या लायब्ररीने स्वतःच अबॉर्ट केलं. १३७ असता तर ९, म्हणजे बाहेरून कुणीतरी मारलं, आणि कंटेनरमध्ये हे बहुतेक वेळा मेमरीची मर्यादा ओलांडल्यावर होतं. पायथनच्या सबप्रोसेसमधून चालवलं असेल तर हाच आकडा उणे ११ असा दिसतो.

टीममध्ये मात्र "मेमरीच संपत असणार" हे ठरूनच गेलं होतं, कारण मरतंय ते मोठ्या फायलींवर. मेमरी संपली असती तर १३७ आला असता, हे सांगून पटलं नाही. शेवटी मर्यादा दुप्पट करून दाखवली. संध्याकाळी सेवा त्याच १३९ ने मेली, तेव्हा विषय संपला.

ट्रेसबॅक का नाही, याचं उत्तर एका ओळीचं आहे: ट्रेसबॅक पायथन लिहितं, आणि इथे लिहायला पायथनच उरत नाही.

५ मार्च

लॉगमधल्या शेवटच्या फाइलचा पिच्छा पुरवला. ती फाइल वेगळी काढून पुन्हा पुन्हा वाचली, काही होत नाही. दुपारपर्यंत हेच चाललं होतं.

मग लक्षात आलं की शेवटची ओळ शेवटची नाहीच. प्रमाणित आउटपुट फाइलकडे किंवा पाइपकडे जात असेल तेव्हा पायथन ते साठवून ठेवून एकदम सोडतं. सेगफॉल्टमध्ये हा साठा जिथल्या तिथे मरतो. म्हणजे आपण बघत होतो ती ओळ बरीच आधीची. "पायथनअनबफर्ड=१" हे साठवणं बंद करणारं चल लावलं. पुढच्या क्रॅशला शेवटची ओळ "पुढची नोंद वाचतोय" अशी आली, आणि फाइलही वेगळीच. क्रॅश शोधायला बसलात तर ही सेटिंग पहिल्या तासात लावा, नाहीतर लॉग तुम्हाला भलत्या गल्लीत नेतो.

६ मार्च

होस्टवरचा (कंटेनर ज्या मशीनवर चालतात तिथला) कर्नल लॉग पाहिला. "डीमेसेज" मध्ये एकच ओळ, पण ऐवज चांगला: पायथनचा सेगफॉल्ट, पत्ता ५सी००१२बी८, एरर ४, आणि ज्या लायब्ररीत तो झाला तिचं नाव. आपलीच सी लायब्ररी.

एरर ४ चा अर्थ बिटांमध्ये आहे: युझर मोडमधला प्रोग्रॅम, वाचायला गेला, आणि त्या पत्त्यावर मेमरीचं पानच नव्हतं. लिहायला गेला असता तर ६ आला असता. एवढ्यावर "बफर (वाचलेला मजकूर ठेवायची जागा) लहान पडून बाहेर लिहिलं जातंय" ही शंका बाजूला ठेवता आली असती. ठेवली नाही. उद्याच्या नोंदीत दिसेलच.

त्याच ओळीत सूचनेचा पत्ता आणि लायब्ररी मेमरीत कुठून सुरू होते तो पत्ताही असतो. एकातून दुसरा वजा करून "अ‍ॅडर२लाइन" ला द्यायचा, ते पत्त्यावरून कोडची ओळ सांगतं. आमची लायब्ररी चिन्हं (फंक्शनांची आणि ओळींची नोंद) काढून टाकलेली, म्हणून ओळ मिळाली नाही. फंक्शनचं नाव तेवढं मिळालं, आरडीआर_नेक्स्ट, तेही बाहेर दाखवलेल्या फंक्शनांपैकी असल्यामुळे.

७ मार्च

फॉल्टहँडलर लावला. पायथन ३.३ पासून तो सोबतच येतो, वेगळं काही बसवावं लागत नाही. कोडला हात न लावता "पायथनफॉल्टहँडलर=१" हे चल दिलं की पुरे. सेगफॉल्टचा सिग्नल आला की जाता जाता पायथनच्या बाजूचा ट्रेसबॅक एरर आउटपुटवर टाकून देतो. आपलं काम झालं की सिग्नल आधीच्या हँडलरकडे सोपवतो, त्यामुळे कोअर डंपही (मरतानाच्या मेमरीची प्रत) अडत नाही. दोन्ही एकाच क्रॅशमधून मिळू शकतात.

वाचताना दोन गोष्टींनी घोळ घातला. नेहमीच्या ट्रेसबॅकमध्ये सगळ्यात ताजी हाक तळाशी असते, इथे ती सगळ्यात वर असते. आणि कोडची ओळ छापली जात नाही, फक्त फाइल, ओळीचा क्रमांक आणि फंक्शन. क्रमांक ८८ आला. एडिटरमध्ये ८८ वी ओळ रिकामी! कंटेनरची इमेज जुन्या कमिटवरून बांधलेली होती. ती कमिट काढून पाहिल्यावर ८८ वर सापडली ही हाक: आरडीआर_नेक्स्ट ला हँडल (उघडलेल्या फाइलची लायब्ररीने दिलेली खूण), बफर आणि बफरची लांबी देतोय. थ्रेड कामगार.

त्या ओळीत वावगं काही दिसत नाही. बफर आहे, लांबी बरोबर आहे, हँडल तोच आहे जो उघडताना मिळाला. तरी बफर मोठा केला, फरक नाही. आणखी मोठा केला, फरक नाही. एरर ४ आदल्या दिवशीच सांगत होता की हे लिहिणं नाही, वाचणं आहे. अर्धा दिवस गेला.

ट्रेसबॅकची हद्द इथे संपते. कोणत्या ओळीतून सीमध्ये शिरलो हे तो सांगतो. शिरताना हातात काय होतं, हे त्याला दिसत नाही. बहुतेक क्रॅशना एवढं पुरतं, कारण ओळ बघितली की चूक दिसते. ओळ निर्दोष दिसत असेल तरच कोअरच्या नादी लागायचं, कारण पुढे किती वेळ जातो ते बघा.

१० मार्च

कोअर डंप मिळवायचा पहिला प्रयत्न. कंटेनरमध्ये "यूलिमिट -सी" शून्य, म्हणजे कोअर बंद. चालू कंटेनरमध्ये नवीन शेल उघडून ती अमर्याद केली. निरुपयोगी. मर्यादा प्रोसेस सुरू होताना तिला सुरू करणाऱ्या आई प्रोसेसकडून येते, शेजारच्या शेलमध्ये बदलून चालत्या प्रोसेसला काही कळत नाही. खात्री करायची तर "/प्रॉक/" खाली त्या पीआयडीच्या (प्रोसेसच्या क्रमांकाच्या) "लिमिट्स" फाइलमध्ये बघा. कंटेनर सुरू करतानाच मर्यादा द्यायला हवी. तशी दिली.

क्रॅश झाला, कोअर कुठेच नाही. "/प्रॉक/सिस/कर्नल/कोअर_पॅटर्न" पाहिलं तर सुरुवातीला पाइपची उभी रेघ. म्हणजे कर्नल कोअर फाइलमध्ये लिहीत नाही, एका प्रोग्रॅमच्या तोंडात ओततो, आणि तो प्रोग्रॅम होस्टवर चालतो. ही सेटिंग कंटेनरनिहाय वेगळी नसते, अख्ख्या होस्टची एकच. आमच्या होस्टवरचा हँडलर पॅकेजमधून न आलेल्या प्रोग्रॅमांचे कोअर टाकून देत होता. तुमच्याकडे सिस्टीमडीचा हँडलर असेल तर नशीबवान आहात: होस्टवर "कोअरडंपसीटीएल लिस्ट" म्हणा, यादी समोर येते.

होस्ट सांभाळणाऱ्यांना पॅटर्न बदलून मागितला. "अहो, त्यावर बाकीच्यांचे पण कंटेनर आहेत, सगळ्यांना लागू होईल," म्हणाले. बरोबरच होतं. चाचणीसाठी वेगळं मशीन मिळालं.

११ मार्च

नव्या मशीनवर पॅटर्न म्हणून फाइलचा मार्ग दिला, त्यात प्रोग्रॅमचं नाव, पीआयडी आणि वेळ. हा मार्ग मरणाऱ्या प्रोसेसच्या नजरेतून बघितला जातो, म्हणजे डिरेक्टरी कंटेनरच्या आत हवी, आणि ज्या युझरने सेवा चालते त्याला तिथे लिहिता यायला हवं. डिरेक्टरी नसेल तर कर्नल बनवून देत नाही, तक्रारही करत नाही.

खऱ्या क्रॅशची वाट बघत बसू नका. कंटेनरमध्ये एक "स्लीप" सोडा आणि तिला "किल -सेगव्ही" ने मारा. कोअर पडला तर नळ चालू आहे. याने दोनदा चूक लगेच सापडली, एकदा परवानगीची आणि एकदा मार्गातल्या स्पेलिंगची.

संध्याकाळी खरा कोअर आला, पण अर्धवट. डिरेक्टरी मेमरीतल्या लहान फाइलसिस्टीमवर होती, ती भरली. जीडीबीने (कोअर वाचणाऱ्या डीबगरने) उघडतानाच सांगितलं की फाइल कापलेली आहे, आणि स्टॅक नेमका कापलेल्या भागात. प्रोसेस जेवढी मेमरी धरून असते तेवढी जागा मोकळी ठेवा. एक बारीक गोष्ट: कोअर फाइल विरळ असते, "एलएस" मोठा आकडा दाखवतो आणि "डीयू" लहान. साध्या पद्धतीने दुसरीकडे कॉपी केली की मधली भोकंही शून्यांनी भरून जातात आणि फाइल खरोखर तेवढी मोठी होते.

१२ मार्च

पूर्ण कोअर हातात. आपल्या मशीनवर नेऊन जीडीबीत उघडला. सगळ्या फ्रेमवर (हाकांच्या साखळीतल्या एकेका पायरीवर) दोन-दोन प्रश्नचिन्हं, एकही नाव नाही.

कोअरमध्ये प्रोग्रॅमचा कोड नसतो हे इथे भोवलं. फाइलवरून चढवलेली पानं, म्हणजे पायथन आणि लायब्ररींचं मशीन कोड, डिस्कवर आहेच म्हणून लिनक्स ती डीफॉल्टने कोअरमध्ये लिहीत नाही. जीडीबी ती डिस्कवरून उचलतो, आणि माझ्या डिस्कवर दुसराच पायथन, दुसरीच जीलिबसी (सीची मूळ लायब्ररी). तेव्हा त्याच इमेजवर जीडीबीचा एक थर चढवून त्यातच कोअर उघडला. मेलेल्या कोअरसाठी कंटेनरला पीट्रेसची खास परवानगी लागत नाही. ती लागलीच तर जिवंत प्रोसेसला चिकटण्यासाठी लागते. परवानगीच्या मागणीत आणखी वेळ जाणार होता, तो वाचला.

नावं आली. आपल्या लायब्ररीच्या फ्रेममध्ये मात्र नुसतं फंक्शन, पॅरामीटर नाहीत, कारण चिन्हं काढलेली. लायब्ररी डीबग माहितीसकट पुन्हा बांधली. नव्या लायब्ररीशी जुना कोअर जुळत नाही, म्हणून पुन्हा क्रॅशची वाट बघणं आलं. डीबग माहिती बांधतानाच वेगळ्या फाइलमध्ये काढून ठेवली असती तर हा फेरा पडला नसता. आता बिल्डमध्ये ते घातलं आहे.

१३ मार्च

नवा कोअर, त्याच इमेजमध्ये उघडलेला, सगळ्या फ्रेम नावानिशी. वरून खाली: आरडीआर_नेक्स्ट, मग लिबएफएफआयच्या (सीटाइप्स हाक मारायला वापरतं त्या लायब्ररीच्या) फ्रेम, मग सीटाइप्स, मग पायथनचा इंटरप्रिटर. "पाय-बीटी" ने पायथनच्या बाजूचा स्टॅक दाखवला, फॉल्टहँडलरने दाखवला होता तोच. इथवर नवीन काही नाही. "थ्रेड अप्लाय ऑल बीटी" केलं, बाकीचे थ्रेड कुलुपांवर झोपलेले. थ्रेडांची झटापट असेल ही माझी आवडती शंका गेली.

मग पहिल्या फ्रेममधला पॅरामीटर बघितला. हँडलची किंमत ५सी००१२ए०. योगायोगाने कर्नल लॉगमधला जुना पत्ता याच्याच १८ पुढे होता, हेक्समध्ये. स्ट्रक्चरमध्ये वाचायचं फील्ड तितक्याच अंतरावर आहे.

५सी००१२ए० हा पॉइंटर (मेमरीतला पत्ता) फार आखूड आहे. "इन्फो फाइल्स" ने कोअरमधले मेमरीचे तुकडे दाखवले. त्यात ५सी०० ने सुरू होणारा पत्ता नाही, पण ७एफ३१ ५सी०००००० पासून सुरू होणारा तुकडा आहे. पुढचे ७एफ३१ चिकटवून जीडीबीला त्या पत्त्यावरचं स्ट्रक्चर छापायला सांगितलं. अख्खं स्ट्रक्चर धडधाकट बाहेर आलं, आत उघडलेल्या फाइलचं नावसुद्धा! हँडल बरोबर बनलं होतं. वाटेत कुणीतरी त्याचे वरचे बिट कापले.

कापणारा सापडायला पाच मिनिटं लागली नाहीत. सीटाइप्समध्ये फंक्शनचा परतीचा प्रकार सांगितला नाही तर ते इंट धरतं, ३२ बिटांचं. आरडीआर_ओपन पॉइंटर परत करतं आणि आमच्या रॅपरमध्ये (लायब्ररीला हाक मारणाऱ्या पायथन कोडमध्ये) त्याचा "रेसटाइप", म्हणजे परतीचा प्रकार, कधीच लिहिलेला नव्हता. चूक ३१ व्या ओळीत, मरण ८८ व्या.

१४ मार्च

मग जुन्या सर्व्हरवर वर्षानुवर्षं चाललं कसं? हे सोडवल्याशिवाय दुरुस्तीवर भरवसा ठेवायचा नव्हता.

इमेजमधला पायथन पीआयई पद्धतीने (मेमरीत कुठेही चढू शकेल असा) बांधलेला नाही, तो खालच्या ठरलेल्या पत्त्यावर चढतो, आणि मुख्य थ्रेडचा हीप (चालताना मागून घेतलेली मेमरी) त्याच्या लगेच पुढे सुरू होतो. तिथले पत्ते इतके लहान की ३१ बिटांत मावतात. कापलं तरी काही हरवत नाही. म्हणून लहान फायली बिनबोभाट. बाकीच्या थ्रेडना मात्र जीलिबसीचा मॅलॉक (मेमरी वाटणारं फंक्शन) स्वतंत्र अरीना, म्हणजे मेमरीचा वेगळा साठा, देतो, ती एममॅपने (कर्नलकडून थेट मागून) वर ७एफ च्या भागात घेतली जाते. कामगार थ्रेडमध्ये बनलेलं हँडल कापलं की गेलंच. "मोठ्या फायलींवर मरतंय" याचा मोठेपणाशी संबंध नव्हता, थ्रेडशी होता.

एखादी मोठी फाइल मधेच निभावून कशी जायची? प्रत्येक थ्रेड स्वतः मोकळे केलेले लहान तुकडे जवळ ठेवतो, ते कोणत्या अरीनातले आहेत हे न बघता. मुख्य थ्रेडने घेतलेला तुकडा कामगाराने मोकळा केला आणि पुढचं हँडल त्यातच बसलं, की पत्ता लहान आणि काम फत्ते.

जुन्या सर्व्हरच्या सुरुवातीच्या स्क्रिप्टमध्ये "मॅलॉक_अरीना_मॅक्स=१" ही ओळ मिळाली. मेमरी कमी खावी म्हणून कुणीतरी कधीतरी घातलेली, शेजारी टिपण नाही. अरीना एकच, म्हणजे सगळे थ्रेड खालच्याच हीपमधून घेणार. कंटेनरमध्ये आणताना ती ओळ गळली. चाचणीला परत लावली तर क्रॅश बंद. "मग तीच लावून टाकूया की," असा सूर निघाला. नको. ती ओळ परत कुणीतरी काढेल.

जाता जाता पीआयई पायथनवर रॅपर चालवून पाहिला. पहिल्याच लहान फाइलला, मुख्य थ्रेडवर, लगेच मेला. तिथे हीपच उंच पत्त्यावर असतो. वाट बघायला लावणारा क्रॅश असा एका कमांडवर आला.

१७ मार्च

दुरुस्ती. आरडीआर_ओपन चा रेसटाइप "सी_व्हॉइड_पी" केला. पुन्हा १३९, त्याच ८८ व्या ओळीवर.

सी_व्हॉइड_पी लावल्यावर पायथनला मिळतो साधा पूर्णांक, या वेळी पूर्ण लांबीचा. पण आरडीआर_नेक्स्ट चे "आर्गटाइप्स" (पॅरामीटरांचे प्रकार) लिहिलेले नसल्यामुळे तो आत पाठवताना सीटाइप्स पुन्हा इंट करतं आणि वरचे बिट निमूटपणे टाकून देतं. अपवाद नाही, इशारा नाही. येताना वाचवलेलं जाताना कापलं जातं. आर्गटाइप्स लिहिले, वाचन चालू झालं, आणि मग फाइल बंद करताना क्रॅश: आरडीआर_क्लोज राहिलं होतं. या वेळी कोअर उघडलाच नाही. फॉल्टहँडलरने ओळ दाखवली, कारण माहीत होतं, काम संपलं.

हँडल घेणाऱ्या प्रत्येक फंक्शनला दोन्ही प्रकार लिहा. एक सुटलं तरी पहिले पाढे पंचावन्न.

१८ मार्च

आवराआवर. फॉल्टहँडलर कायमचा चालू ठेवला, त्याचा भार जाणवण्याइतका नाही. अनबफर्डही तसंच. कोअर मात्र उत्पादनात बंद, चाचणीच्या मशीनवर चालू.

कारण जागा हे एक, आणि दुसरं जास्त महत्त्वाचं: कोअरमध्ये प्रोसेसची सगळी मेमरी असते. आमच्या कोअरवर "स्ट्रिंग्ज" चालवल्यावर डेटाबेसचा पासवर्ड सरळ दिसला. तो बदलला. साठलेले कोअर पुसले, डिरेक्टरीची परवानगी एका युझरपुरती केली. तक्रारीच्या तिकिटाला कोअर जोडायची सवय कुणाला असेल तर आजच मोडा. जीडीबीचा मजकूर जोडा, तोही वाचून.

२४ मार्च

सेवा परत थांबली आणि दोघं लगेच कोअर शोधायला धावले. क्रमांक १ होता. एकच्या मागे सिग्नल नसतो. पायथन स्वतः बाहेर पडलं आहे, बहुधा अपवाद देऊन, आणि मग लॉगमध्ये ट्रेसबॅक असणार. होता. शीर्षकात एक की नसलेली फाइल, ओळ समोर, चहा निवायच्या आत दुरुस्त.

२६ मार्च

बाकीचे सीटाइप्स रॅपर चाळले. आणखी एका लायब्ररीत लांबी परत करणारं फंक्शन तसंच विनाप्रकार मिळालं. ते पॉइंटर देत नाही म्हणून मरत नव्हतं; दोन ते चार जीबीमधल्या फाइलला उणे लांबी सांगत होतं आणि आमचा कोड ती फाइल रिकामी समजून सोडून देत होता. याला ट्रेसबॅक नाही, कोअरही नाही. प्रकार लिहिले, सोडून दिलेल्या फायली पुन्हा रांगेत टाकल्या. बिल्डमध्ये पीआयई पायथनवरची चाचणी बसवली, तिच्यात प्रत्येक रॅपर एकदा कामगार थ्रेडमधूनही चालतो.